माळ्यावरची बत्तीस वर्षं

“म्हातारा झालाय मेला,” शैलाताई पुटपुटल्या.

माइक बंद होता आणि बोलणं स्वतःशीच होतं. पण शमीम नेमकी त्यांच्या पाठीशी, पाटभर अंतरावर, दातांत वायर धरून ओणवी झाली होती. शब्द न् शब्द तिच्या कानात पडला.

“कोण, मी का?” तबल्यावरची धूळ फुंकत पोतदारकाकांनी विचारलं. त्यांचेही कान तिखट.

“तुम्ही पाळण्यातसुद्धा म्हातारेच असणार, पोतदार. मी ह्याच्याबद्दल बोलतेय.”

‘हा’ म्हणजे पेटी. पेटीमागे कुणीच बसलेलं नव्हतं. भाता आपला आपण उघडमीट करत होता, पट्ट्या आपल्या आपण दबत होत्या आणि भैरवीचे सूर जपून, चाचपत, जिना उतरणाऱ्या माणसासारखे एकेक पाऊल टाकत येत होते. दोन हजार त्रेचाळीस सालात हे काही आक्रीत नव्हतं. कऱ्हाडातच अशा तीन पेट्या होत्या. पण बाकीच्या दोन कुणाच्याही मागे वाजत. ही फक्त शैलाताईंच्या मागे वाजायची, कारण हिला वाजवायला शिकवलं होतं ते दस्तगीर मुजावर यांनी. शमीमच्या अब्बांनी. ते जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

“पुन्हा धरू या,” शैलाताई म्हणाल्या आणि अंतऱ्याला हात घातला. आवाज वरच्या षड्जाकडे निघाला, पेटी मागोमाग निघाली आणि अर्ध्या वाटेत भाता उघडा तो उघडाच राहिला. श्वास रोखून धरल्यासारखा. पेटीशेजारच्या डब्यावरचा लाल दिवा लागला. पोतदारकाकांचा हात तेवढा दोन मात्रा पुढे जाऊन ओशाळला.

डब्याच्या पडद्यावर काय लिहिलं असेल ते शमीमला न बघताच ठाऊक होतं. मेमरी संपली. संगणकाची जागा संपली की तो स्वतःला वाचवण्यासाठी चालू कामांपैकी एकाचा बळी देतो, आणि सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेल्याचाच देतो. इथे सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेले अब्बाच होते.

“हे बघ शमे,” शैलाताईंनी पदर सावरला. “बंद पडतो ते एक वेळ ठीक. पण वाजवतो तेसुद्धा शेवटच्या आजारपणातला दस्तगीर. बोटं दुखायची त्याची, म्हणून चार सुरांच्या जागी दोन लावायचा. मला तो नको. मी तान घेतली की माझ्या आधी पळत जाऊन कोपऱ्यावर उभा राहायचा ना, हसत, तो दे मला. बुवांची पुण्यतिथी नऊ दिवसांवर आली. तो नसेल तर यंदा मी बसत नाही. आणि मग ही पेटी पण घेऊन जा बाई. पाहुणा उठायचं नाव घेत नाही असं वाटतं नुसतं.”

त्या हे हसत म्हणाल्या, पण बुवांची, म्हणजे त्यांच्या गुरूंची, पुण्यतिथी त्यांनी एकदाही चुकवलेली नव्हती. आणि शमीम धास्तावली ती दुसऱ्याच कारणानं. पेटीला दुसरा गायक चालत नव्हता. शैलाताई गायच्या थांबल्या की अब्बा वाजवायचे थांबणार होते. कायमचे. “बघते मी,” ती पुटपुटली.

“घसा बसलाय का ग तुझा? आवाज असा काय येतोय?” शैलाताईंनी डबी पुढे केली. “ज्येष्ठमध चघळ. माझ्याकडे बघ. बहात्तरावं चालू आहे आणि अजून काळी पाचच्या पट्टीत गाते! माझ्या वयाच्या बायका खाली पांढरी चारला येऊन पडल्या. पण दस्तगीर मिरजेहून जो ज्येष्ठमध आणायचा ना, त्याची करणी ही.”

पोतदारकाकांना एकाएकी तबल्याची हातोडी सापडेनाशी झाली. शमीमनं ज्येष्ठमधाची काडी तोंडात टाकली आणि वायर गुंडाळण्यात मन घातलं.

*

शमीम कुठल्याही कॉलेजात संगणक शिकली नव्हती. अब्बा पेट्या दुरुस्त करत, तिनं त्यांच्याच दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाइल उघडायला सुरुवात केली. पुढे अब्बांचा जुना संगणक तिनं तीनदा मोडला आणि चौथ्यांदा जोडला. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आपण ओळ टाइप करायची आणि त्यानं ऐकायचं: हा कारभार तिला तेव्हापासून आवडायचा. चित्रांवर बोट ठेवून संगणक चालवणं म्हणजे हॉटेलात मेनूकार्डावर बोट ठेवणं. काळ्या पडद्यावर आपण थेट स्वयंपाकघरात जातो.

डबा आला तो तीन वर्षांपूर्वी. पुण्याच्या ‘अनुनाद’ नावाच्या एका छोट्या कंपनीनं काढलेला. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली करंगळीएवढा विद्युतचुंबक, भात्याला एक पंखा, बाजूच्या खटक्याला एक मोटर, आणि हे सगळं हलवणारा डबा. तो वादकाचं वर्षानुवर्षांचं ध्वनिमुद्रण ऐकतो. कुठली जागा आली की या माणसाचा हात कुठे जातो, गायिका श्वास घ्यायला थांबली की हा काय भरतो, ती चुकली की हा काय करतो, ते सगळं त्याच्या अंगात मुरतं. मग गाणं चालू असताना तो पाव सेकंद पुढचं ओळखतो आणि त्या माणसासारखं वाजवतो. अब्बांना वेड होतं प्रत्येक बैठक टिपून ठेवायचं. आधी कॅसेटवर, मग मोबाइलवर. दोन हजार आठपासून पुढची बत्तीस वर्षं. त्यांनी ती सगळी डब्याला ऐकवली. “शागीर्द बरा आहे,” म्हणायचे, “चहा मागत नाही.”

फक्त एक अडचण होती. बत्तीस वर्षांचे अब्बा एका वेळी डब्याच्या मेमरीत मावत नव्हते. कंपनी म्हणाली, पुढच्या वर्षी मोठी मेमरी देऊ, तोवर शेवटच्या चार वर्षांवर चालवा. तीही जेमतेम मावायची. पुढच्या वर्षी कंपनीच राहिली नाही. आणि मेमरीच्या चिपा तर सोन्यापेक्षा दुर्मीळ झाल्या; जगात जेवढ्या निघतात तेवढ्या मोठमोठ्या यंत्रशाळा ठोकमध्ये उचलून नेतात, आपल्यासारख्यांच्या वाट्याला चाळणीतला कोंडा.

शैलाताईंकडून परतल्यावर दुपारभर शमीम डब्यासमोर हनुवटीला हात लावून बसली. मग उठली आणि स्टुलावर चढून दुकानाच्या माळ्यावरून अब्बांची जुनी डिस्क खाली काढली. फिरणारी. हल्लीच्या पोरांनी बघितलेलीसुद्धा नाही अशी. आत खरोखरीची तबकडी गरगरते आणि तिच्यावरून एक सुई इकडून तिकडे धावते. जोडली, तर सुरू होताना तिनं असा काही उसासा टाकला की शमीमला एकदम दहावीची सुट्टी आठवली. तेव्हा संगणक विचार करताना ऐकू यायचा. कुर्र, कुर्र, कुर्र. माणूस डोकं खाजवतो तसा. आताचे गुपचूप विचार करतात. त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

कल्पना साधी होती, आणि जुनी. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जे हाताशी हवं ते ओट्यावर. ओटा भरला की नवीन काही ठेवता येत नाही, आणि मग सगळंच कोसळतं. पण घरात माळा असतो. संगणकाला सांगायचं, डिस्कचा एवढा तुकडा तुझा माळा समज. जे बराच वेळ लागलं नाही ते वर टाक, आणि लागलं की खाली काढ. त्याच्या हिशेबी ओटा मोठा झाला. खोटा मोठा, पण त्याला काय कळतंय! फक्त स्टूल आणून वर चढून काढायला वेळ लागतो. ओट्यावरचं मीठ हाताला चटकन लागतं. माळ्यावरच्या पितळी परातीला दहा मिनिटं.

तिनं काळ्या पडद्यावर पहिली ओळ लिहिली: जुन्या डिस्कवर चौसष्ट जीबीची जागा अडवून ठेव. डिस्क कुरकुरली. दुसरी ओळ: या जागेत मालकाखेरीज कुणी डोकावायचं नाही; माळ्यावर कुणाचं काय काय पडलेलं असतं, ते सगळ्यांना दिसता कामा नये. तिसरी ओळ ‘एमकेस्वॅप’, म्हणजे त्या जागेला माळ्याच्या फळ्या ठोक. चौथी ‘स्वॅपऑन’. चढ आता. आणि शेवटची, कायमच्या यादीत एक नोंद, म्हणजे डबा बंद करून चालू केला तरी माळा विसरायचा नाही. पाच ओळी. एवढ्याच कामासाठी दोन वर्षं अब्बा अर्धेमुर्धे वाजत होते, हे मनात आल्यावर तिला स्वतःचा राग आला.

मग तिनं डब्याला सांगितलं, चार नाही, बत्तीस वर्षं उघड.

पेटी दुकानातच होती. आधी नुसतीच कुरकुर. सुई धावत होती. शमीमनं मोबाइलवर शैलाताईंची जुनी भैरवी लावली, आणि पहिली ओळ संपायच्या आत पेटीतून एक अशी लकेर निघाली की समोरच्या टेलरनं मशीन थांबवलं. शैलाताईंची तान वळणावर पोचायच्या आधी पेटी तिथे जाऊन उभी. हसत. हे पंचेचाळीस वर्षांचे अब्बा होते. मिशा काळ्या असलेले, स्कूटरवर पेटी पुढे ठेवून जाणारे, तिला मागे बसवून “धर गं घट्ट, भाता नको उघडूस” म्हणणारे. तिनं डोळे पुसले, आणि टेलरला ओरडून सांगितलं, “काही नाही हो, धूळ फार झालीय माळ्यावर!”

*

आता खटक्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

अब्बांची पेटी स्केलचेंजर होती. म्हणजे बाजूचा खटका ओढला की सगळ्या पट्ट्या एकगठ्ठा एक घर सरकतात. बोटं ठेवायची तिथेच ठेवायची, सूर मात्र एक पायरी खाली उतरतो. लाखात एखाद्याच्या डोक्यात काळी पाचचा खरा सूर जन्मापासून बसलेला असतो. बाकीच्यांना कुणीतरी षड्ज द्यावा लागतो, आणि दिला तो खरा मानून गावं लागतं. शैलाताईंना तो अब्बा देत.

डब्याच्या नोंदींत शमीमला सगळा जिना दिसला. दोन हजार सतरापर्यंत काळी पाच. मग एक घर खाली, पांढरी सहा. सव्वीस साली काळी चार. तेहतीस साली पांढरी पाच. तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीच्या आदल्या आठवड्यातल्या मुद्रणात अब्बांचा आवाज होता. “ताई, मिरजेला गेलो होतो. न मागता आणलाय बघा ज्येष्ठमध. हा वेगळा आहे. आठ दिवसांत घसा मोकळा.” आणि आठ दिवसांनी शैलाताईंचं, “दस्तगीर, अरे काय चमत्कार आहे! वरचा सा कसा लोण्यासारखा लागला!”

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. अब्बांनीच एकदा सांगितलं होतं, डोळे मिचकावून, आणि वर ताकीद दिली होती: खटक्याचं कुठे बोलायचं नाही. पोतदारकाकांनाही ठाऊक असणारच. षड्ज उतरला की तबला उतरवावा लागतो, मोठ्या तोंडाचा घ्यावा लागतो. पण काका शमीमशी कधी बोलले नाहीत आणि शमीम काकांशी. तीन माणसांनी एक चादर टोकांना धरून वर्षानुवर्षं उभं राहावं आणि एकमेकांच्या नजरेला नजर देऊ नये, तसं.

मुद्रणांत आणखी एक गोष्ट होती. पूर्वी शैलाताईंच्या क्लासला पंधरा-वीस मुली असत, आणि पोरी खरोखरीच्या काळी पाचमध्ये गात. तेव्हा अब्बा पेटी त्यांच्यासाठी वर ठेवत. मुली गेल्या की शैलाताई आतून ओरडत, “झाला का चहा सगळ्यांचा?” आणि बाहेर येईपर्यंतच्या तेवढ्या वेळात ऐकू येई: कट्, कट्, कट्. मग पदराची सळसळ, आणि अब्बा भोळेपणानं, “या ताई. काळी पाचच ना?” पुढे मुली येईनाशा झाल्या, पेटी खालीच राहू लागली. म्हणून चार वर्षांच्या अब्बांना खटका ठाऊकच नव्हता. बत्तीस वर्षांच्या अब्बांना होता.

तिनं पेटी हातानं वर सरकवली आणि करून बघितलं. मोबाइलवर शैलाताईंचा तो चहाचा प्रश्न वाजवला, आणि लगोलग मोटर फिरली. कट्, कट्, कट्. पट्ट्या तीन घरं खाली. शमीम खुदकन हसली. विसरले नव्हते काही.

खरं तर तिथेच तिला पेटी तशीच खाली ठेवून मोटरची वायर काढून टाकता आली असती. दोन मिनिटांचं काम. पण काढवेना. इतक्या काळजीनं कुणी कुणासाठी केलेली गोष्ट, ती अब्बांनीच करावी असं तिला वाटलं. अजून एकदा.

*

तालमीच्या दिवशी तिनं दीड तास आधी जाऊन मांडामांड केली आणि पेटी मुद्दाम वर, काळी पाचला ठेवली. शैलाताई आत देवपूजेत होत्या. माळ्याचा दोष शमीमला ठाऊक होता: जे बराच वेळ लागलं नाही ते वर जातं, आणि ऐन वेळी काढायला उशीर होतो. भैरवीच्या मध्यात पेटी अडखळायला नको. म्हणून तिनं कार्यक्रमातल्या सातही चीजा हलक्या आवाजात डब्याकडून एकदा वाजवून घेतल्या. सगळं खाली आलं, ओट्यावर हाताशी. वा. एकही सूर मागे राहत नव्हता.

ओटा मात्र तेवढाच होता. सात चीजा खाली आल्या म्हणजे काहीतरी वर गेलं. काय गेलं याचा विचार तिनं केला नाही. नुसती एक सवय होती ती, तीन सेकंदांची, आणि परवापासून कुणी वापरली नव्हती.

पोतदारकाका आले. “पोहे होतील ना?” त्यांनी आल्या आल्या विचारलं. आतून पोहे आले, मग चहा आला, मग काकांनी आपल्या गुडघ्याची हकीकत पहिल्यापासून सांगितली. आणि आतून आवाज आला:

“झाला का चहा सगळ्यांचा?”

शमीमनं पेटीकडे बघितलं. जुनी डिस्क कुरकुरली. कुर्र. कुर्र. सुई शोधत होती. कुर्र.

शैलाताई बाहेर आल्या. पेटीजवळून वळसा घालून गादीवर बसल्या. पदर घेतला, डोळे मिटले, पाण्याचं भांडं उजवीकडे ठेवलं. कुर्र. कुर्र. शमीमचा हात खटक्याकडे जाऊ लागला. पण ती पोचायच्या आत शैलाताईंनी डोळे उघडले आणि पेटीकडे बघून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, मान किंचित झुकवली. “काय दस्तगीर, काळी पाचच ना?”

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या पट्ट्या सरकल्या.

कट्.

कट्.

कट्.

मग पेटीनं, काही झालंच नाही अशा भोळेपणानं, षड्ज धरला.

काकांनी हातोडी उचलली, खाली ठेवली. “व्होल्टेज,” ते म्हणाले. “हल्ली व्होल्टेजचं काही खरं नाही.”

“मोटर ढिली आहे, ताई,” शमीम म्हणाली. तिचाच आवाज तिला टेलरच्या दुकानातून आल्यासारखा वाटला. “आत्ता बघते मी.”

पेटीचं तोंड नेहमी वादकाकडे. चाळीस-पन्नास वर्षं गाणारी बाई, पण पट्ट्यांकडे बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शैलाताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पलीकडे गेल्या, अब्बा बसत त्या जागी बसल्या. पट्ट्यांच्या उजव्या टोकाला तीन बोटांची फट होती. त्यांनी तीत तीन बोटं घालून बघितली.

“वर घे,” त्या म्हणाल्या.

“ताई, राहू दे ना. आज असंच—”

“शमीम. वर घे.”

त्या ‘शमे’ म्हणाल्या नव्हत्या. तिनं खटका उलटा ओढला. तीन घरं. पेटीनं नवा षड्ज दिला, उजळ, ताठ, वीस मुलींनी खोली भरलेली असायची तेव्हाचा. शैलाताईंनी तिथूनच, अब्बांच्या जागेवरूनच, भैरवी धरली. काकांनी तबल्याला हात लावला नाही. त्यांचा तबला या सुराचा नव्हताच.

अस्ताई निभली. शिरा ताणून का होईना, निभली. अंतऱ्याला त्या वर निघाल्या आणि वरच्या षड्जाच्या दोन पायऱ्या अलीकडे आवाज फाटला. कापड फाटावं तसा, सरळ रेषेत. पुन्हा गेल्या. पुन्हा तिथेच.

आणि पेटीनं काय करावं? तिनं तो षड्ज स्वतः लावला आणि धरून ठेवला. हळू, एकटा, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून खाली हात द्यावा तसा. बत्तीस वर्षांत शैलाताई कधी अडल्या असतील तर अब्बांनी हेच केलं असणार. भाता पुरेपर्यंत सूर टिकला, मग विरला. डिस्क एकदा कुरकुरून गप्प झाली.

काकांच्या बशीत पोह्यांतले दोन शेंगदाणे उरले होते, काका त्या दाण्यांकडे बघत राहिले.

“पोतदार,” शैलाताईंनी विचारलं, “तबला कधी बदललात तुम्ही?”

“कुठला?”

“आता असं नका करू.”

“तेहतीस साली,” काका म्हणाले. “दिवाळीनंतर. जरा मोठ्या तोंडाचा घेतला.”

“मला सांगितलंत, तबल्याची पुडी फाटली म्हणून.”

“फाटलीच होती हो पुडी.”

“तिन्ही वेळा?”

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. पुसत राहिले.

शैलाताई शमीमकडे वळल्या. शमीमच्या पिशवीतून कागदाची पुडी वर डोकावत होती. परवाच ती मुद्दाम मिरजेला जाऊन आली होती. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. अब्बा गेल्यावर हे कुणीतरी करायला हवं, एवढंच. शैलाताईंनी हात पुढे केला. तिनं पुडी दिली.

त्यांनी ती उघडली, वास घेतला. एक काडी काढून दातांत धरली. मग दुसरा हात पेटीच्या लाकडावरून फिरवला, जिथे अब्बांचं मनगट टेकून टेकून पॉलिश गेलं होतं तिथे थांबवला.

“मागितला की आणायचाच तो,” त्या म्हणाल्या. “पण न मागता तीनदाच आणला. आणि मी साऱ्या कऱ्हाडाला सांगत फिरले.” त्यांना हसू फुटलं. “लबाड. पंचवीस वर्षं तोंडावर विचारायचा, काळी पाचच ना, ताई? अरे, एकदा तरी हसायचास ना!”

“ताई,” शमीमला आता रडू आवरेना, “त्यांना तुम्हाला फसवायचं नव्हतं. त्यांना फक्त—”

“कळतंय ग. गावं एवढंच हवं होतं त्याला.” त्या पेटीमागून उठल्या, आपल्या गादीवर येऊन बसल्या. पाण्याचा घोट घेतला. पदर नीट केला. “सरकव खाली. पांढरी पाच. आणि पुण्यतिथीलाही अशीच सरकवायची, मी बसल्यावर, सगळ्यांसमोर. पोतदार, हातोडी घ्या.”

काका लगबगीनं म्हणाले, “मी म्हणतो, ही मोटर एकदा दाखवून घेतली तर? हवामान दमट आहे. पेटीच्या लाकडाला दमट हवा—”

“मोटर चांगली आहे,” शैलाताई म्हणाल्या. “पेटी चांगली आहे, हवाही चांगली आहे. ज्येष्ठमध तर उत्तमच आहे.” त्यांनी दातांतली काडी काढून बशीच्या कडेला ठेवली.

“आवाज उतरलाय माझा.”